भिंतीचा घाम : मुंबईच्या उपनगरांतल्या ओलीचा इतिहास

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत माझं नाव पहिल्यांदा आलं ते एका तक्रारीमुळे. आठ वर्षांपूर्वीच्या सभेची ती नोंद आहे. आमच्या बेडरूमच्या भिंतीला वरच्या मजल्यावरून गळती होते, सबब वरच्या सभासदांनी आपल्या न्हाणीघराची दुरुस्ती करून घ्यावी, असं त्यात लिहिलं आहे. खाली अध्यक्षांची सही, सचिवांची सही आणि सूचक म्हणून मी.

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडपासून फार लांब नसलेली आमची इमारत १९७९ सालची. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. वर एक काकू राहतात. यजमान गेल्यापासून त्या एकट्याच आहेत. सोसायटीचं पत्र गेल्यावर त्यांनी महिन्याभरात न्हाणीघर फोडून घेतलं. जुन्या फरशा काढल्या, वॉटरप्रूफिंग केलं, नळ बदलले. सगळा खर्च त्यांनी पोस्टातल्या पैशांतून केला, हे मला नंतर कळलं. पुढच्या पावसाळ्यात आमच्या भिंतीवर तेच काळे ठिपके पुन्हा उगवले. मी पुन्हा पत्र दिलं. त्या दिवसापासून जिन्यात समोरासमोर आलो तरी आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो.

मी पेशाने हिशेबनीस. इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही. पण गेली पंचवीसेक वर्षं साष्टी बेटाच्या, म्हणजे आजच्या उपनगरांच्या इतिहासाची कात्रणं, नकाशांच्या प्रती, जुनी भाडेपत्रं असं काहीबाही जमवतो आहे. हे सगळं त्याच भिंतीला लागून असलेल्या कपाटात असतं. गेल्या वर्षी जुलैत कपाट उघडलं तर मागच्या बाजूच्या दोन फायली एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला होता. पान सोडवायला गेलो की पानच फाटे. त्या संतापात मी एका ओळखीच्या जुन्या गवंड्याला बोलावून आणलं. सत्तरीचा माणूस, मूळचा रत्नागिरीकडचा. त्याने कपाट सरकवलं, भिंतीवर पालथा हात फिरवला, नखाने रंग खरवडून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, ही गळती नाय. भिंतीला घाम फुटलाय."

मी आठ वर्षं एका बाईवर आळ घेत होतो की काय, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. आणि दुसरा प्रश्न माझ्या छंदाचा होता. पाऊस मुंबईला नवा नाही. मग भिंतींना घाम फुटायला कधीपासून लागला?

तीन ओली

आपण सगळ्याला 'लीकेज' म्हणतो, पण जुन्या मराठीत ओलीला बरीच नावं आहेत. वरून टपकते ती गळती. आतून हळूहळू येतो तो पाझर. वाऱ्याबरोबर तिरकी येते ती झड. छपराच्या कडेवरून पडते ती पागोळी. जमिनीतून जोत्यावाटे चढते ती जोत्याची ओल. भिंत सुकल्यावर तिच्यावर पांढरी बुकटी धरते तो लोणा.

भिंतीच्या दृष्टीने मात्र तीनच प्रकार. पाणी बाहेरून आत येतं, खालून वर चढतं किंवा खोलीतल्या हवेतूनच भिंतीवर बसतं. तिसरा प्रकार आपण फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर रोज पाहतो. हवेत वाफेच्या रूपात पाणी असतं. हवा थंड पृष्ठभागाला लागली की तिला ती वाफ पेलवत नाही आणि थेंब धरतात. ज्या तापमानाला हे होतं त्याला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात मुंबईतल्या खोलीत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असणं यात काही विशेष नाही. अशा हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे भिंत खोलीपेक्षा तीनच अंशांनी थंड असली तरी पुरे. बुरशीला तर थेंबाचीही गरज नसते. भिंतीलगतची हवा बराच काळ दमट राहिली तरी ती वाढते.

गवंड्याने मला एक साधी परीक्षा सांगितली, ती वाचकांनीही करून पाहावी. वहीच्या पानाएवढा प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा घ्यायचा, कोरडी पुसलेल्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला धरले तर ओल भिंतीच्या पोटातून येते आहे. खोलीच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या हवेची आहे. मी ऑगस्टमध्ये ही परीक्षा तीनदा केली. तिन्ही वेळा थेंब खोलीच्या बाजूला होते.

पडवी आणि चुना

साष्टीतलं जुनं घर पावसाशी कसं वागत होतं, हे अंधेरीच्या आंबोली, मरोळ, गुंदवलीसारख्या गावठाणांत उरलेल्या मोजक्या घरांवरून अजून कळतं. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून झड पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला लागते. छप्पर भिंतीच्या पुढे दोन-तीन हात काढलेलं असे. वळचणीखाली पडवी असे, म्हणजे खरी भिंत पावसाला दिसतच नसे. जिथे दिसे तिथे ज्येष्ठात झावळ्यांची झापं बांधत. गरिबाघरी कारवीचा कूड असे. बोरिवलीच्या डोंगरात कारवी आजही आहे. तिच्या काठ्या उभ्या लावून वर शेणामातीचा लेप द्यायचा. अशी भिंत पाणी पिई आणि सोडूनही देई. वर नळीची कौलं असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यावर पुढे मंगलोरी कौलं आली. दोन्ही प्रकारांत कौलांच्या फटींतून घरातली वाफ आणि चुलीचा धूर निघून जाई.

पक्क्या घराचा आधार चुना होता. कुर्ल्याजवळच्या चुनाभट्टीचं नावच सांगतं की तिथे काय भाजलं जाई. घाणीत मळलेला चुना, त्यात वाळू किंवा विटांची सुरखी, खास कामाला गूळ, बेलफळ आणि हिरड्याचं पाणी. गच्चीवर विटांचे तुकडे आणि चुना घालून धुमसाने दिवसच्या दिवस ठोकत, तो कोबा. भिंती दीड-दोन विटांच्या, म्हणजे चौदा इंचांपासून पुढे. चुन्याच्या गिलाव्याला सूक्ष्म छिद्रं असतात. भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि आश्विनातल्या उन्हात सोडते.

आणि दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आधी घराला चुना. माझ्या लहानपणी आम्ही घाटकोपरला चाळीत राहत होतो. वडील कळीचा चुना आणून पिंपात भिजत घालत. पाणी खदखदू लागलं की आम्हा मुलांना लांब उभं करत. रात्रभर निवला की गाळून त्यात थोडा डिंक आणि नीळ घालत. दोन हात मारले की खोली लख्ख होई आणि आठवडाभर पाठ टेकली की सदरा पांढरा. ते सगळं मला सणाची तयारी वाटे. आता लक्षात येतं की ती भिंतीची वार्षिक देखभाल होती. पावसाळाभर भिंतीवर जी बुरशी धरे ती चुन्याच्या दाहक क्षाराने मरे आणि भिंतीची छिद्रंही बुजत नसत. मुहूर्तही अचूक होता. पाऊस थांबलेला, ऊन तापलेलं, थंडी अजून यायची. पंचांगाने लावून दिलेली ही दुरुस्ती भाडेकरू आणि मालक दोघेही पाळत.

प्लेग आणि प्रकाश

भिंतीची ओल हा सरकारी प्रश्न झाला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. रोग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. अंधार, ओल आणि कोंदट हवा यांच्यावर सगळा संशय होता. पालिकेची माणसं घरोघर जंतुनाशकं शिंपडू लागली, भिंतींना चुना फासू लागली, ऊन यावं म्हणून छपरांची कौलं काढू लागली. निदान अर्धवट होतं, जाच खरा होता. पण त्यातून एक गोष्ट चांगली निघाली. घराला उजेड आणि वारा मिळणं हा कायद्याचा विषय झाला.

१८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्यांच्याच काळातला. त्या कोनाचं गणित सोपं आहे. समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून इमारत उंच नको, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतूनही आकाशाचा तुकडा दिसेल. प्लेगनंतर ज्यांना परवडलं ते शहराबाहेर सरकले. १९१५ साली नगररचनेचा कायदा आला, १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड इथल्या जुन्या बंगल्यांना चारी बाजूंनी मोकळी जागा दिसते, तिच्यामागे हा सगळा धसका आहे.

सिमेंटचं राज्य

१९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. सरकारने एवढ्या मोठ्या प्रमाणावर काँक्रीटची घरं बांधण्याची मुंबईतली ती पहिली वेळ. काँक्रीटच्या सांगाड्याने पुढे घराचं शरीरच बदललं. भार खांबांनी घेतला, तेव्हा भिंत जाड असण्याचं कारण उरलं नाही. बाहेरची भिंत नऊ इंची झाली, कधी सहा इंची. आतली अर्ध्या विटेची, साडेचार इंची.

दुसरा बदल कायद्याने केला. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण मालकाचा दिवाळीचा चुना बंद झाला. शहरातल्या जुन्या इमारतींसाठी १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, उपकर भरणाऱ्यांना सरकारी दुरुस्तीचा हक्क मिळाला. तो हक्क शहर बेटापुरताच राहिला. १९५० साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत बृहन्मुंबईची हद्द वाढली. कर तेवढा वाढला, पण उपनगरातल्या चाळीच्या भिंतीला मंडळ मिळालं नाही.

मग मालकीच्या सदनिकांचं युग आलं. गृहनिर्माण मंडळाने घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीला कन्नमवार नगर अशा वसाहती उभारल्या. १९६३च्या कायद्याने सदनिका विकण्याला चौकट मिळाली. आमच्यासारख्या सोसायट्या या लाटेतल्या. पण तेव्हा सिमेंट नियंत्रित होतं, परमिटवर मिळे. टंचाई एवढी की सिमेंटच्या वाटपावरून जानेवारी १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. अंशतः नियंत्रण त्याच वर्षी उठलं, पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. सिमेंट कमी पडे तिथे रेती जास्त पडे आणि रेती खाडीची असे. ती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर मीठ भिंतीत राहतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. लोणा धरतो, गिलावा फुगतो, पोपडे निघतात. स्लॅबमधल्या लोखंडापर्यंत मीठ पोचलं की लोखंड गंजून फुगतं आणि छताचे तुकडे पडतात. त्या दोन दशकांतल्या अनेक इमारती आज पुनर्विकासाच्या रांगेत का आहेत, याचं एक उत्तर या रेतीत आहे.

वाफेची कोंडी

इथपर्यंतची ओल बाहेरची होती. घामाची गोष्ट याच्या पुढे सुरू होते. तिचा धागा मला आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तांत सापडला. घरातला सगळा कपाटभर इतिहास भिजल्यावर मी या वह्या वाचायला घेतल्या. पहिल्या पंधरा-वीस वर्षांत तक्रारी जवळजवळ सगळ्या शेवटच्या मजल्याच्या आहेत आणि त्या गच्चीच्या गळतीच्या आहेत. आतल्या भिंतींना, कपाटांमागे, पलंगामागे ओल येते असं मधल्या मजल्यांवरचे लोक नंतर म्हणू लागतात. मी वहीतले इतर ठराव बाजूला मांडले तेव्हा क्रम स्पष्ट झाला. आधी बाल्कनी बंद करण्याचे अर्ज येतात. मग लाकडी खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवण्याचे. त्यानंतर वातानुकूलन यंत्राचा खोका बाहेर टांगण्याचे. आतल्या ओलीच्या तक्रारी यांच्या मागोमाग येतात.

यात कुणाची चूक काढावी? उपनगरात १९९१च्या नियमांनी चटईक्षेत्र निर्देशांक एकच होता. घर वाढवायचं तर बाल्कनी हीच जागा. मुलं मोठी होत होती, अभ्यासाला कोपरा हवा होता. आम्हीही बंद केली. पडवीची गॅलरी झाली होती, गॅलरीची बाल्कनी आणि बाल्कनीची खोली झाली. भिंत आणि पाऊस यांच्यामध्ये आता काहीच उरलं नाही. जुन्या खिडकीवरचं व्हेंटिलेटर डासांसाठी आणि धुळीसाठी बुजवलं. चुना रोज कपड्यांना लागतो म्हणून डिस्टेंपर आलं, मग पुसता येणारा प्लास्टिकचा रंग. तो ओल शोषत नाही, म्हणून पाणी वरच दिसतं.

घरात वाफ मात्र वाढत गेली. चुलीचा आणि शेगडीचा धूर डोळ्यांत जाई, म्हणून त्याला वाट ठेवावीच लागे. गॅसला धूर नाही, त्यामुळे वाट बंद झाली तरी कुणाला जाणवलं नाही. पण गॅस जळताना पाणी तयार होतं. एक किलो गॅसमागे साधारण दीड किलोहून अधिक. म्हणजे १४.२ किलोची टाकी संपते तेव्हा सुमारे बावीस लिटर पाणी वाफ होऊन घरात सुटलेलं असतं. शिवाय उकळणारा भात, गरम पाण्याची अंघोळ, पावसाळ्यात आतल्या दोरीवर वाळणारे कपडे आणि आपण स्वतः. एक माणूस श्वास आणि घाम मिळून दिवसाला लिटरभर पाणी हवेत सोडतो. चौघांच्या घरात हे पाणी जाणार कुठे? जी भिंत सर्वांत थंड, तिथे.

आमच्या बेडरूमची ती भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे, अर्ध्या विटेची. पलीकडे त्यांच्या मुलाची खोली. तो रात्रपाळी करतो आणि दिवसभर यंत्र वीस अंशांवर लावून झोपतो. भिंत त्याच्या बाजूने थंड होते, आमच्या बाजूला कपाट असल्यामुळे मागे वारा नाही, आणि आमची सगळी वाफ तिथे जाऊन बसते. त्या मुलाचा यात काय दोष? त्याला कसं माहीत असणार? मला माहीत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी हे यंत्र नुकतंच बसलं होतं, त्याच्या परवानगीचा ठरावही वहीत आहे. माझ्या तक्रारीच्या फक्त दोन पानं आधी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. दमट घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे विकार अधिक, असा तिचा निष्कर्ष आहे. प्लेगच्या काळात ओलीवर चुकीचा आरोप होता, हा मात्र खरा आहे. म्हणून उपाय लिहून ठेवतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घेतलं. व्हेंटिलेटर उघडून त्यात जाळी बसवली. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, तो काम संपल्यावरही अर्धा तास चालू ठेवतो. भिंतीचा रंग खरवडून चुना दिला. शेजारच्या मुलाशी बोललो, तो यंत्र आता सव्वीसवर ठेवतो. कपडे वाळवण्याचा प्रश्न सुटलेला नाही. ठिपके कमी झाले आहेत, गेलेले नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला पंच्याहत्तरही नाही. अशा उपनगरात पूर्ण कोरड्या भिंतीचं वचन कुणी देऊ नये.

राहिला काकूंचा प्रश्न. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन वर गेलो. प्लास्टिकच्या तुकड्यापासून सगळं सांगितलं, आणि न्हाणीघराचा खर्च मी देतो म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. ताट आत नेऊन ठेवलं, रिकामं परत दिलं नाही, चकल्या घातल्या. मग म्हणाल्या, "पैसे राहू द्या. न्हाणीघर माझंच नवं झालं. पण वहीत माझं नाव गळतीवाली म्हणून लिहिलंय ना, ते तसंच राहणार का?"

मी आयुष्यभर जुन्या कागदांवर विश्वास ठेवत आलो. उद्या कुणी या इमारतीचा इतिहास लिहायला बसला तर त्याला ती नोंद सापडेल, अध्यक्षांची आणि सचिवांची सही सापडेल, आणि तो ती खरी मानेल. मीही मानली असती. मार्चच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहून ठराव मांडला की अमुक तारखेची तक्रार चुकीच्या समजुतीवर होती, वरच्या सदनिकेतून कोणतीही गळती नव्हती. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सचिवांनी जुन्या नोंदीच्या समासात नव्या ठरावाचा क्रमांक लाल शाईने लिहिला.

काकू सभेला आल्या होत्या. सभा संपल्यावर त्यांनी ती वही मागून घेतली, चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि परत दिली. यंदा पाऊस लागण्याआधी त्यांनी निरोप पाठवला, त्यांच्या कपाटामागेही काळं दिसतंय, तो प्लास्टिकचा तुकडा घेऊन वर येता का म्हणून.